हरणासाठी पिस्तूल कुठलं घ्यावं? आधी हिशोब विचारा



गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एक क्लिप फिरत होती. अमेरिकेतल्या टेक्सासचा कोणी शिकारी जमिनीवर बसलाय, पुढ्यात टेकू, टेकूवर दुर्बीण बसवलेलं लांब नळीचं पिस्तूल. लांबवर काळवीट उभा. एक बार, आणि काळवीट आडवा. खाली आपल्या लोकांचे मेसेज सुरू झाले, "आपल्याला पण हेच पाहिजे." एका पोरानं तर लिहिलं, "दादा, गावठी कट्टा मिळतो, एका रात्रीत विषय मिटवू."

राग मला कळतो. हरभरा चार पानांवर आला की कळप शेंडे खुडून जातो, तेव्हा वाटतं चला, फुटवे तरी येतील. मग घाटे भरताना तोच कळप परत येतो. रात्रभर बॅटरी घेऊन बांधावर बसणारा माणूस सकाळी काय बोलेल त्याला धरबंध नसतो. पण क्लिपमध्ये फक्त शेवटचा अर्धा मिनिट दिसतो. त्याच्या आधी काय काय असतं ते मी जरा वाचून काढलं. ते आधी सांगतो, माझं मत नंतर.

पहिलं, जनावर कुठलं ते बघा. अमेरिकेत 'अँटिलोप' म्हणतात ते बहुतेक वेळा प्रॉन्गहॉर्न. आपल्या काळविटाच्या कुळातलं ते नाही, त्याचं कुळच वेगळं. सगळ्यात जास्त ते वायोमिंग राज्यात आहेत, उघड्या गवताळ माळावर. नजर तीक्ष्ण, पळायला लागलं की ताशी ८० किलोमीटरच्या वर. क्लिपमधलं जनावर मात्र आपलंच. १९३२ साली काळवीट टेक्सासच्या डोंगराळ पठारावर नेऊन सोडले. त्याच्या आगेमागे दक्षिण टेक्सासच्या किंग रँचवर नीलगायी, म्हणजे विदर्भातले आपले रोही, सोडले. दोन्ही तिथे चांगलेच वाढले.

आता हत्यार. पिस्तुलानं लांबून हरीण मारायचं म्हणजे सिनेमातलं कमरेचं पिस्तूल नव्हे. तीन प्रकार आहेत.

एक, मोठं रिव्हॉल्व्हर, .४४ मॅग्नम वगैरे. पटकन हाताशी येतं, सहा बार असतात. पण गोळी जड आणि हळू. १०० यार्डांवर नेम बसवला तर २०० यार्डांवर ती साधारण दोन फूट खाली जाते. उघड्या माळावर, जिथे जनावर जवळ येऊच देत नाही, तिथे हे कामाचं नाही.

दोन, एकबारी पिस्तूल. नळी मोडून एक काडतूस घालायचं, बार झाला की परत मोडायचं. १९६७ साली आलेलं थॉम्पसन सेंटर कंटेंडर हे यातलं गाजलेलं नाव. एकाच सांगाड्यावर वेगवेगळ्या काडतुसांच्या नळ्या बसतात.

तीन, बोल्टचं पिस्तूल. म्हणजे जवळजवळ रायफलच, फक्त दस्ता नाही आणि नळी आखूड. रेमिंग्टनचं एक्सपी-१०० हे १९६३ साली आलं.

वायोमिंगच्या माळासाठी कुणी मला विचारलंच, तर मी दुसरा किंवा तिसरा प्रकार सांगेन. नळी १४-१५ इंची, काडतूस सात मिलिमीटर-०८ किंवा साडेसहा क्रीडमूरसारखं मध्यम ताकदीचं. फार मोठं घेतलं तर आखूड नळीत धक्का आणि आवाज दोन्ही वाढतात. माणूस चाप ओढतानाच दचकतो आणि नेम तिथेच जातो. दुर्बीण पिस्तुलाचीच हवी. रायफलच्या दुर्बिणीला डोळा चार बोटांवर लागतो, पिस्तूल हात लांब करून धरतात, म्हणून तिची काच हातभर अंतरावरून दिसायला लागते. आणि टेकू पाहिजेच. दोन पायांचा असो, तिवई असो नाहीतर पाठीवरची पिशवी असो. खांद्याचा आधार नसलेलं हत्यार हातात किती हलतं ते फवारणीचा गन हात ताणून पाच मिनिटं धरा, लगेच कळेल.

पण सगळ्यात महत्त्वाची निवड हत्याराची नाहीच, अंतराची आहे. हरणाच्या छातीत काळीज-फुफ्फुसाची जागा जेवणाच्या ताटापेक्षा लहान, २० सेंटिमीटरच्या आसपास. काळवीट तर प्रॉन्गहॉर्नपेक्षाही अंगानं लहान. जबाबदार शिकाऱ्याचा नियम साधा आहे. माळावर जसं बसणार तसंच बसून, ज्या अंतरावर पाचही गोळ्या तेवढ्या थाळीत बसतात, ते तुमचं अंतर. पुढं नाही. सात मिलिमीटर-०८ चा नेम २०० यार्डांवर बसवला तर ३०० वर गोळी सुमारे २३ सेंटिमीटर खाली जाते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा असला तर ती जवळजवळ वीतभर बाजूला सरकते. म्हणजे काळजाचा नेम पोटात. पोटात गोळी लागलेलं जनावर पळतं आणि कुठंतरी झुडपात तडफडून मरतं. म्हणून कंपनीच्या जाहिरातीत ४०० लिहिलेलं असलं तरी आपली थाळी १५० वर चुकत असेल, तर आपलं पिस्तूल १५० चंसुद्धा नाही.

हे सगळं कशासाठी? दिवसाउजेडी, उभ्या राहिलेल्या एका जनावरासाठी, एका बारासाठी. वायोमिंगमध्ये सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार चालते. रात्री नाही.

आता आपला माळ बघा. आपला कळप येतो रात्री. चालता, खाता, वीस-पंचवीसचा. समोर माणसाच्या उंचीची तूर. लाईट रात्रीची, म्हणून कुणीतरी पाण्याला गेलेलं असतंच. वाकून दारं मोडतंय, बॅटरी खिशात. पलीकडे मेंढपाळाचा वाडा बसलेला. अशा सपाट जमिनीवर चुकलेली गोळी अडवायला मागे टेकडी नसते, ती किलोमीटरच्या हिशोबात जाते. गावठी कट्ट्याला तर नेम हा प्रकारच नाही, तो हातात फुटला नाही तर नशीब. मला सांगा, त्या तुरीत कोण आहे हे अंधारात कोण ओळखणार? ज्याचा भाऊ पाण्याला गेलाय तो, की ज्याच्या हातात कट्टा आहे तो?

आणि एक बार झाला की कळप जातो कुठं? शेजाऱ्याच्या रानात. परवा परत आपल्याकडे.

कायदाही स्पष्ट सांगतो, कारण ग्रुपवर चुकीचं फिरतंय. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारलं तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, दंड किमान २५ हजार. पीक खाल्लं म्हणून पहिल्या अनुसूचीतल्या जनावराला मारायची परवानगी देण्याची तरतूद कायद्यात नाही. शस्त्र कायद्यात पीक-राखणीसाठी परवान्याचा उल्लेख आहे, पण तो ठासणीच्या बंदुकीचा, पिस्तुलाचा नव्हे. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. पोरानं कट्टा आणला तर दोन गुन्हे होतील, आणि वकिलाच्या फीपुढं हरभऱ्याचं नुकसान काहीच वाटणार नाही.

मग त्या क्लिपमधून घ्यायचं काय? माझ्या मते पिस्तूल सोडून बाकी सगळं.

वायोमिंगमध्ये बार होण्याच्या आधी मोजणी होते. राज्याचं खातं विमानातून कळप मोजतं, भागवार किती जनावरं काढायची ते ठरवतं, तेवढेच परवाने सोडत काढून देतं. खाजगी जमिनीवर जनावर मारलं तर शिकाऱ्याच्या परवान्यावरचं कूपन जमीनमालकाला मिळतं आणि तो ते खात्याकडून वटवून घेतो. पीक खाल्लं तर भरपाईचा दावा वेगळा. शिवाय १९३७ पासून तिथे कायदा आहे, पिस्तुलावर १० टक्के आणि लांब बंदुका-काडतुसांवर ११ टक्के कर, आणि तो पैसा वन्यजीव आणि त्यांच्या अधिवासाच्या कामाला जातो. टेक्सासचं गणित वेगळं. तिथे आपले काळवीट-रोही परदेशी जनावरं धरतात, शिकारी रँचमालकाला पैसे मोजून येतो. म्हणजे एका ठिकाणी जनावर जनतेचं आणि दुसऱ्या ठिकाणी व्यवहार मालकाचा. पण दोन्हीकडे ज्याच्या रानात ते चरतं, त्याच्या हाताला काहीतरी लागतं.

आपल्याकडे जनावर सरकारचं, चारा आपला, आणि हिशोब कुणाचाच नाही. खरं दुखणं हे आहे. काळवीट वैरी नाही. नान्नजच्या आणि रेहेकुरीच्या माळावर ते आपल्या आजोबांच्या आधीपासून आहेत. रेहेकुरीचं अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. जनावराला हद्द कळत नाही, बाहेर आलं की पहिलं शेत आपलं.

न मारता काही होतं का? होतं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य प्रदेशात शाजापूर भागात दक्षिण आफ्रिकेचे तज्ज्ञ आणून हेलिकॉप्टरनं कळप हाकले, नरसाळ्यासारख्या आडोशात घेतले आणि आठशेच्या वर काळवीट दुसऱ्या जंगलात नेऊन सोडले. पिकाचं नुकसान हेच कारण होतं. म्हणजे सरकारनं मनावर घेतलं तर पहिल्या अनुसूचीतल्या जनावराचाही मार्ग निघतो.

रोही आणि रानडुकराचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याच्या परवानगीनं मारण्याची वाट कायद्यात आहे. बिहारमध्ये २०१६ साली मोकामा भागात दोनशेच्या वर नीलगायी मारल्या, दोन केंद्रीय मंत्र्यांत त्यावरून जाहीर भांडण झालं. ते बरोबर की चूक यावर आपल्यातच दोन मतं असतील. पण तिथेही बाहेरून सराईत नेमबाज बोलावले होते, शेतकऱ्याच्या हातात कट्टा दिला नव्हता.

आता आपण काय करायचं ते. शिकारी आधी थाळीवर पाच गोळ्या मोजतो, मग माळावर जातो. आपणही आधी मोजू.

प्रत्येकानं एक वही करा. तारीख, गट नंबर, पीक, पिकाची अवस्था, कळपात किती, किती ओळी खाल्ल्या. दुसरं, पेरणी झाली की रानात दोन मीटर बाय दोन मीटरचा एक तुकडा जाळीनं चारी बाजूंनी बंद करा. बाकी मशागत, खत, पाणी सारखंच. काढणीला आतलं आणि बाहेरचं तेवढंच क्षेत्र वेगळं मळून तोला. एकाच शेतात असे तीन-चार तुकडे असतील तर आणखी बरं, म्हणजे जमिनीचा फरक निघून जातो. हा फरक म्हणजे तुमचं नुकसान, किलोमध्ये. "लई खाल्लं" या शब्दाला पंचनाम्यात किंमत नाही, वजनाला आहे. कृषी विद्यापीठातले आणि केव्हीकेतले मित्र हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती, या तुकड्यांची मांडणी आणि नोंदीचा एक सोपा नमुना आम्हाला करून द्या.

तिसरं, केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पीकविम्यात जादा संरक्षण म्हणून घेता येईल, जनावरांची यादी आणि भाग राज्यानं ठरवायचे. नुकसान ७२ तासांत ॲपवर, जागेची नोंद असलेल्या फोटोसकट कळवायचं. आपल्या राज्याच्या यादीत काळवीट, रोही, रानडुक्कर येतात की नाही, आपला तालुका येतो की नाही, हे आत्ता विचारायचं. पेरणी झाल्यावर नव्हे.

चौथं, ग्रामसभेत ठराव करा. वर्षातून दोनदा वनखातं आणि गावानं मिळून कळप मोजायचे, आणि गायरानाचा गवताळ माळ नांगरायचा नाही. माळ गेला की कळपाला आपलं शेत हाच माळ.

तोवर झटका मशीन, जाळी आणि पाळीपाळीनं राखण. शेजारी-शेजारी मिळून कुंपण केलं तर एकट्यापेक्षा खर्च कमी येतो. तारेच्या झटक्याला घरगुती लाईन जोडू नका, त्यात माणसं गेलीत. शिक्क्याचंच मशीन वापरा.

आणि त्या पोराला माझं एवढंच सांगणं. बाळा, तुझा राग खरा आहे, पण तो कट्ट्यात भरू नकोस, वहीत भर. शंभर वह्या घेऊन आपण तहसीलला गेलो तर साहेबाला उठून उभं राहावं लागेल. एका कट्ट्यासाठी मात्र फक्त पोलिसाची गाडी येईल.

तुमच्या शिवारात यंदा कळप किती आणि कुठल्या पिकात, ते लिहून कळवा. आकडा लिहा, शिवी नको.