शहीद हा दाखला नव्हे

दर 12 जानेवारीला सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना आपण हार घालतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना 1931 साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. सभेत आपला एखादा वक्ता हमखास म्हणतो, "पाहा, आमचाही एक शहीद आहे!" हे वाक्य आता बंद झाले पाहिजे. शहिदाचे नाव रेशनकार्डासारखे खिशात बाळगायचे नसते.

कुर्बान हुसेन यांचा धडा वेगळाच आहे. 12 मे 1930 रोजी इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला. तिरंगा फडकवणे गुन्हा ठरला. का? तर 'सुरक्षेसाठी'! सुरक्षा सत्तेची होती, राष्ट्र मात्र रस्त्यावर होते. जगभर हेच चालते. 2003 साली अमेरिकेने सुरक्षेच्या नावाने इराकवर हल्ला केला; ज्या महासंहारक शस्त्रांचा डांगोरा पिटला, ती सापडलीच नाहीत. राष्ट्रप्रेम आणि सुरक्षा यांची अशी मोट बांधली की प्रश्न विचारणारा आपोआप गद्दार ठरतो.

मग दहशतवादी नाहीत काय? आहेत. 26/11 ला मुंबईत मुसलमानही मारले गेले. म्हणूनच खरा गुन्हेगार सापडणे ही आपलीही निकड आहे. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात बॉम्ब फुटले. तीसहून अधिक माणसे गेली. मेले मुसलमान, पकडलेही मुसलमान! 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. त्यांची उमेदीची वर्षे कोण परत देणार? आणि निरपराध गजाआड असताना देश सुरक्षित होता काय?

पण आपलेही चुकते. आपला मुलगा पकडला की आपण ओरडतो. आदिवासींसाठी झटणारे फादर स्टॅन स्वामी 2021 मध्ये जामिनाविना कोठडीतच वारले, तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत किती सभा झाल्या?

येरवड्याला चार वेगवेगळ्या घरचे चौघे एकाच कायद्याने फासावर गेले. त्यांनी एकमेकांकडे देशभक्तीचा दाखला मागितला नव्हता. येत्या 12 जानेवारीला 'आमचा एक' म्हणू नका. 'आमचे चार' म्हणा.