खोडी नव्हे, घाबरगुंडी

सकाळी साडेनऊला फ्लॅटला कुलूप लागते आणि दहाच्या आत आतून कुत्र्याचे विव्हळणे सुरू होते. संध्याकाळी घरचे परततात तेव्हा दाराची चौकट ओरबाडलेली असते, चपलांचा चुराडा झालेला असतो, दिवाणखान्यात लघवी. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रार आधीच पडलेली. मग कुत्र्याला रट्टा बसतो. तो कान पाडून, शेपूट पायात घालून कोपऱ्यात जातो आणि घरातले म्हणतात, "बघा, चूक बरोबर कळते त्याला!"

तशी ती कळत नाही. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोवित्झ यांनी 2009 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याला खाऊ न खाण्याची ताकीद देऊन मालक खोलीबाहेर जाई. परतल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे त्याला सांगितले जाई, पण कधी कधी मुद्दाम खोटे. तो 'अपराधी चेहरा' खाऊ खाण्यावर नव्हे, तर मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होता. काहीही न केलेली कुत्रीसुद्धा ओरडा बसताच तसाच चेहरा करीत. म्हणजे तो पश्चात्ताप नसतो, ती भीती असते.

दारामागे घडते तीही भीतीच. माणूस दृष्टीआड होताच काही कुत्र्यांना अक्षरशः घबराटीचा झटका येतो. ती धापा टाकतात, लाळ गाळतात, थरथरतात आणि माणूस जिथून गेला तेच दार खरवडतात. त्यांच्या जिव्हाळ्याला शास्त्रीय आधार आहे. लहान मुलांची आईवरची ओढ मोजण्यासाठी मेरी एन्सवर्थ यांनी बेतलेली चाचणी बुडापेस्टच्या संशोधकांनी 1998 मध्ये कुत्र्यांवर वापरली, तेव्हा मालकाशी असलेले नाते बरेचसे तशाच वळणाचे आढळले. अशा जिवाला घाबरल्याबद्दल मारणे म्हणजे दम्याच्या रुग्णाला धाप लागल्याबद्दल रागावणे. शिवाय मालक परतणे हीच भीतीची गोष्ट होऊन बसते.

अर्थात, प्रत्येक कुरतडलेली चप्पल म्हणजे हा आजार नव्हे. पिल्लू दात येताना कुरतडते, कंटाळलेला कुत्राही कुरतडतो. म्हातारा कुत्रा घरात लघवी करू लागला तर मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मधुमेह आधी तपासावा. निदानाचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे जुना मोबाइल. तो चित्रीकरण सुरू ठेवून बाहेर पडावे. पहिल्या अर्ध्या तासातच गोंधळ सुरू झाला आणि एरवी आवडणारा खाऊ तसाच पडून राहिला, तर शंका बळावते.

उपचार सोपा आहे, पण चिवट. किल्ल्यांचा आवाज, पायात बूट, खांद्याला बॅग या खुणांनीच कुत्र्याची छाती धडधडू लागते. म्हणून दिवसातून अनेकदा किल्ल्या उचलाव्यात आणि सोफ्यावर बसून राहावे. मग दाराबाहेर पाच सेकंद, दहा सेकंद, एक मिनिट. तो घाबरण्याच्या आत परत यायचे. आज दोन मिनिटे जमली म्हणून उद्या दोन तास नाहीत. खरी अडचण इथेच आहे. सराव चालू असताना त्याला सोसवेल त्याहून जास्त वेळ एकटे ठेवता येत नाही, नाहीतर आठवड्याची कमाई एका दिवसात जाते. बांधून किंवा पिंजऱ्यात कोंडून हा प्रश्न सुटत नाही. सुटण्याच्या धडपडीत दात आणि नखे मात्र तुटतात. सोबतीला दुसरा कुत्रा आणण्याचाही सहसा उपयोग होत नाही. त्याला उणीव माणसाची जाणवत असते.

आजार तीव्र असेल तर औषध द्यावे, त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन या दोन औषधांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुत्र्यांच्या याच तक्रारीसाठी, प्रशिक्षणाच्या जोडीने, मान्यता दिली आहे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. 'कुत्र्याला कसल्या मनाच्या गोळ्या?' हा प्रश्न विचारणारे बहुधा माणसांबद्दलही तेच विचारतात. मात्र आजोबांच्या पाकिटातली अल्प्राझोलामची गोळी अंदाजाने देऊ नये. तशा गोळीने काही कुत्री शांत होण्याऐवजी अधिकच बिथरतात. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.

टाळेबंदीत हौसेने आणलेली पिल्ले चोवीस तास माणसांत वाढली आणि मग एके दिवशी ऑफिसे उघडली. काही घरांनी सराव केला, काहींनी कुत्रा गाडीत घालून शहराबाहेर सोडला. पाळीव प्राणी असा टाकून देणे 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड 10 ते 50 रुपये. घरात वाढलेला कुत्रा तिथल्या टोळीत आणि वाहनांत फार दिवस टिकत नाही, आणि टिकलाच तर त्याची रेबीजची पुढची लस कोण देणार?

त्यापेक्षा ग्रुपवर तक्रार लिहिणाऱ्यांपैकी एखाद्या निवृत्त काकांनी दुपारी दोन तास त्याच्यापाशी पेपर वाचत बसावे. त्याला तेवढेच हवे असते.