कानात बोळे घालून टेकडी चढणाऱ्यांस

टेकडीवर सावकाश धावणाऱ्या मंडळींशी माझे मुळीच भांडण नाही, हे आधीच सांगून टाकते. उलट त्यांचे मला कौतुकच आहे. पहाटेची साखरझोप मोडून, कुणाशी पैज न लावता पायवाटेने धावत राहणे हा प्रपंचातला एक निरुपद्रवी आणि बिनखर्चाचा आनंद आहे. मी स्वतः शाळा भरण्याआधी पुण्याच्या वेताळ टेकडीवर धावते. धावते म्हणजे काय, तर मला मागे टाकून गेलेले आजोबा परत येताना पुन्हा भेटतात आणि पुन्हा हसतात, इतक्या वेगाने! माझे भांडण आहे ते या मंडळींच्या कानांशी. ज्याच्या त्याच्या कानात इअरफोन. आणि त्यात काय वाजते म्हणून विचारावे, तर डोळे अर्धे मिटून उत्तर येते, “जुनी गाणी हो, बाई! ते दिवसच वेगळे होते!”

वाचकहो, ऐन दिवाळीत, चकलीचे ताट पुढे असताना ही बाई कारल्याची भाजी वाढायला कुठे निघाली, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. पण माझे चार शब्द ऐकून घ्या.

सावकाश धावण्याची कसोटी अगदी घरगुती आहे: धावता धावता सोबत्याशी सबंध वाक्य बोलता आले पाहिजे. दम लागून वाक्य मोडले की वेग जास्त झाला. हे काही आळशांचे तत्त्वज्ञान नव्हे. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड आपल्या शिष्यांना ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरांतून 22 मैलांची चढउताराची वाट पळायला लावत, कमी अंतराच्या शर्यतवाल्यांनासुद्धा! त्यांच्यापैकी पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनुक्रमे 800 आणि 5000 मीटरची सुवर्णपदके जिंकली. दम न तोडता दूर धावण्यात केवढे बळ आहे, ते जगाला तेव्हा कळले.

आता प्रतिपक्षाचा पहिला मुद्दा घेऊ. “गाण्याने श्रम हलके वाटतात.” खरे आहे. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कोस्टास कारागेऑर्गिस यांनी या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. व्यायाम फार जोराचा नसेल, तर गाणे मनाला थकव्यापासून दूर नेते, असे त्यातून दिसते. पण महाराज, जिथे बोलता बोलता धावायचे, तिथे हलके करायला श्रम उरले कुठे? डोके दुखत नसताना गोळी घेणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

शिवाय गाण्याला ठेका असतो आणि पायाला त्या ठेक्यात पडण्याची खोड असते. कडवे रंगात आले की पाय आपोआप वेग घेतात आणि सावकाश धावणे सावकाश राहत नाही. सपाट मैदानावर हे चालून जाईल. पायवाटेचा ताल मात्र निराळा. इथे एक ढांग लांब, तर पुढची आखूड. इथे मुरूम घसरतो, तिथे मूळ आडवे येते. वाट सांगेल तसे पाऊल टाकायचे, की कानातला तबला सांगेल तसे? दोन धन्यांची चाकरी करणाऱ्याचा घोटा मुरगळतो, हे सांगायला डॉक्टर नको. मागून आलेली हाक, कुत्र्याची गुरगुर, गवतातली सळसळ हीदेखील कानानेच ओळखायची असते. एकट्या बाईमाणसाला तर पहाटेच्या अंधारात कान हाच सोबती.

दुसरा मुद्दा भावनेचा आहे, म्हणून जरा जपून बोलते. गतकाळासाठी जीव कासावीस होण्याला आज ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणतात; पण पाश्चात्त्यांनी हे नाव आधी दिले ते घराच्या ओढीला, आणि तेही एक रोग म्हणून! 1688 मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे आपल्या प्रबंधात हा शब्द घडवला. पुढे रूसोने 1768 च्या आपल्या संगीतकोशात लिहिले, की स्विस गुराख्यांची डोंगरातली धून ऐकून परमुलखातले स्विस शिपाई रडू लागत, म्हणून पलटणीत ती वाजवायला बंदी होती. त्याचे म्हणणे मोठे मार्मिक आहे: ही करामत संगीताची नव्हे, आठवणीची, तिथे संगीत संगीत म्हणून काम करीतच नाही. आमच्या टेकडीवर हेच चालते. ऐकणारा गाणे ऐकत नाही, तो आपली विशी ऐकतो.

आणि त्या गाण्यांचा तरी हा मान आहे का? ‘गीतरामायण’ 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले, ते आठवड्याला एक गीत याप्रमाणे. छप्पन्न गीते ऐकायला लोकांनी वर्षभराहून अधिक काळ वाट पाहिली. जुनी तबकडी तीनसाडेतीन मिनिटांत संपे. मग उठायचे, बाजू बदलायची; मधल्या शांततेत गाणे मनात मुरायचे. आज तीच गाणी नळाच्या पाण्यासारखी अखंड वाहतात आणि आपण त्यात पाय धुतो.

“मग वारकऱ्यांचे काय?” असे मला एका सहशिक्षकांनी ठसक्यात विचारले. “तेही गात गातच दिवेघाट चढतात!” गुरुजी, तुम्ही माझेच काम केलेत. वारकरी गातात ते स्वतःच्या गळ्याने, शेजाऱ्याच्या टाळाला टाळ मिळवून. जात्यावरची ओवी दळणारीच गाई, मोटेवरचे गाणे मोट हाकणाराच गाई. कान बंद करून आपल्यापुरते गाणे लपवण्याची रीत आपली नव्हे.

आता मुख्य गोष्ट. 2023 मध्ये बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याविरुद्ध वेताळ टेकडीसाठी पुणेकरांनी मोर्चा काढला. असा मोर्चा कोण काढतो? ज्याला तिथला मोर ओरडलेला ठाऊक आहे, तांबट पक्ष्याची टुकटुक ठाऊक आहे, वाळल्या गवतातून जाणारा वारा ठाऊक आहे, तो. ज्याने टेकडी ऐकलीच नाही, त्याला ती गेल्याचे कसे कळणार? गेलेल्या काळासाठी उसासे टाकताना पायाखालचा काळ निघून जातो आणि वीस वर्षांनी त्याच्याही नावाने आपण उसासे टाकू, हा माझा खरा राग आहे.

जुनी गाणी सोडा, असे मी म्हणत नाही. ती घरी ऐका, चार माणसांत बसून ऐका. आणि टेकडीवर ऊर भरून आलाच, तर गा! गळा बेसूर असला तरी गा. धावता धावता गाता येत असेल, तर वेग अगदी बरोबर आहे असे समजा. दुसरे कडवे आठवले नाही, तर शेजारून धावणाऱ्याला विचारा.

मात्र त्याआधी त्याच्या कानातले बोळे काढायला लावा.