पेनांगला जाऊन बिर्याणी शोधणाऱ्यांना

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं मलेशियाला जाऊन आलो. त्यातले तीन दिवस पेनांग बेटावर होतो. परतल्यापासून स्टाफरूममध्ये, लग्नाच्या दावतीत, जो भेटेल त्याचा एकच प्रश्न, "मॅडम, तिकडं खाण्याचं काय केलंत? हलाल मिळालं का?" समुद्र कसा होता, जुनं शहर कसं आहे, कुणी विचारत नाही. ज्या देशाच्या राज्यघटनेतच इस्लाम हा संघराज्याचा धर्म म्हणून नोंदलेला आहे, तिथं आम्ही तीन दिवस उपाशी राहिलो असू अशी लोकांना काळजी. असो. उत्तर देते, पण थोडं भांडून.

पहिलं भांडण टूर कंपनीशी. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'रोज भारतीय जेवण'. म्हणजे काय, तर रोज रात्री बस एकाच हॉटेलसमोर उभी राहायची आणि आत पनीर, दाल मखनी, जिरा राइस, नान. आमच्या ग्रुपमध्ये सांगलीचे होते, अलिबागचे होते, मी माहेरची दापोलीची. यातल्या कुणाच्या आजीनं दाल मखनी केली होती? तरी सगळे 'चला, आपलं जेवण मिळालं' म्हणून ताटं भरत होते. हलालचं विचारलं तर गाइड म्हणाला, "तुम्ही व्हेज घ्या ना मॅडम, प्रॉब्लेमच नाही." त्या हॉटेलपासून चालत दहा मिनिटांवर दोनशे वर्षांची मशीद आणि तिच्या आजूबाजूला मुसलमानांची खानावळच खानावळ. गाइडच्या यादीत त्या 'भारतीय' नव्हत्या.

दुसरं भांडण आपल्याच माणसांशी, आणि ते मला जास्त लागलं. दुसऱ्या रात्री बस सोडून आम्ही सात जण चालत जॉर्जटाउनच्या जुन्या भागात गेलो. एका खानावळीबाहेर रांग होती. आत भिंतीवर फ्रेममध्ये बिस्मिल्ला, गल्ल्यावरच्या चाचांच्या डोक्यावर टोपी, पातेल्यांतून वाफा. माझे नंदोई दारातच थबकले. म्हणाले, "हे तर मद्राशी बोलतायत. यांचं हलाल कसं धरायचं? पुढं एखादं नीट मुस्लिम हॉटेल बघू, बिर्याणी-कबाबवालं."

नीट मुस्लिम! ज्या लोकांनी दोनशे वर्षांपूर्वी त्या शहरात मशीद उभी केली त्यांतल्यांची ही नातवंडं-पतवंडं, आणि त्यांना मुसलमानकीचा दाखला आम्ही मागणार; कारण काय, तर ते तमिळ बोलतात.

ही माणसं कोण, ते सांगते. 1786 मध्ये इंग्रजांनी पेनांगला बंदर वसवलं. कोरोमंडल किनाऱ्यावरचे तमिळ मुसलमान व्यापारी, ज्यांना तिथं चुलिया म्हणतात, लगोलग येऊन स्थिरावले. 1801 मध्ये त्यांनी उभी केलेली कपितान केलिंग मशीद आजही भरलेली असते. त्याच रस्त्यावर चिनी देवीचं देऊळ आहे, इंग्रजांचं चर्च आहे आणि बाजूच्या गल्लीत मारिअम्मनचं मंदिर. जवळच एका रस्त्याचं नावच चुलिया स्ट्रीट आहे.

त्यांच्या जेवणाला 'नासी कांदार' म्हणतात. नासी म्हणजे भात. कांदार म्हणजे खांद्यावरची आडवी काठी, आपली कावड. एका टोकाला भाताचं भांडं, दुसऱ्या टोकाला कालवणांची, अशी कावड घेऊन हे लोक गोदीतल्या हमालांना जेवू घालत हिंडायचे. आता कावड गेली, दुकानं झाली. कॅम्पबेल स्ट्रीटवरचं 'हमीदिया' 1907 पासूनचं. मशिदीशेजारी रात्री उशिरा उघडणाऱ्या एका खानावळीला लोक 'बरातूर' म्हणतात, म्हणजे 'रांग लावा'. अशा खानावळी चालवणाऱ्यांना मलेशियात 'मामाक' म्हणतात. काहींना तो शब्द टोचतो, पण तो आलाय तमिळ 'मामा'वरून. आपलाही मामाच की!

मागायचं कसं? गरम भात, वर कोंबडी, मासा, म्हाकूळ किंवा मटण, जोडीला भेंडी. मग फक्त म्हणायचं, "बांजिर." म्हणजे पूर. वाढणारा चार-पाच पातेल्यांतला रस्सा एकामागून एक भातावर ओततो. दिसायला ताट चिखलासारखं होतं. चव मात्र अशी की माझ्या धाकटीनं बोटं चाटली, आणि ही मुलगी घरी माशाला नाक मुरडते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यात बऱ्याच ठिकाणी बीफचाही रस्सा असतो, आणि बांजिरमध्ये एकाच डावानं सगळी सरमिसळ होऊ शकते. हिंदू मित्रांनी आधी स्पष्ट सांगावं, ते ऐकतात. शाकाहारी असाल तर लिटिल इंडियात केळीच्या पानावर तमिळ जेवण मिळतं. तिथं जा, पण कृपा करून दाल मखनी मागू नका.

आणि हलालची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पेनांगमध्ये चिनी वस्ती मोठी, डुकराचं मांस सर्रास. चार क्वे तियाव नावाच्या त्यांच्या प्रसिद्ध नूडल्स परंपरेनं डुकराच्या चरबीत परततात. तेव्हा विचारायला हवंच. मात्र विचारणं वेगळं आणि संशय घेणं वेगळं. मलेशियात सरकारी हलाल प्रमाणपत्र घेणं ऐच्छिक आहे; कितीतरी मामाक आणि मलाय टपऱ्यांवर ते लावलेलं नसतं, मालक मात्र पाच वक्तांचा नमाजी. मी चाचांना सरळ विचारलं. ते हसले आणि वरच्या फ्रेमकडे बोट केलं. मला तेवढं पुरलं.

नंदोई का थबकले, हे मला चांगलं कळतं. मी उर्दू शिकवते आणि मराठीही. उर्दूवर माझं प्रेम आहे, माझी भाकरी तिच्यावर आहे. पण मुसलमान म्हणजे उर्दू आणि मुसलमानाचं जेवण म्हणजे बिर्याणी, हे आपल्याला कुणी पढवलं? "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!" असं कुणी म्हटलं की आपण दुखावतो. दुखावायलाच हवं. मग तमिळ बोलणाऱ्या मुसलमानाच्या दारात तेच वाक्य आपण का म्हणतो? कोकणात इस्लाम गलबतांतून आला, तसाच त्यांच्या किनाऱ्यावरही. आमच्या घरी नारळाच्या दुधातली सांदणं होतात, ईदलासुद्धा. आमच्यात मुसलमानी कमी पडली का?

तिसऱ्या दिवशी बालिक पुलाऊकडे एका मलाय टपरीवर 'आसाम लाक्सा' खाल्लं. आसाम म्हणजे आंबट. तांदळाच्या जाड शेवया आणि वर चिंचेचा आंबटजाळ रस्सा. पहिल्या घोटाला मी नवऱ्याकडे बघितलं. म्हटलं, "अहो, हा बांगडा आहे." आणि बांगडाच होता. चिंच, मिरची, बांगडा. शेवया आणि वरचा पुदिना काढला तर अम्मीच्या हातचं कालवण. घरापासून इतक्या लांब मला 'आपलं जेवण' मिळालं ते तिथं.

नंदोईंचं सांगायचं राहिलं. त्या रात्री ते बाहेर उभे राहिले, मग आत आले, नुसता चहा मागवला. तिथं चहा उंचावरून एका मगातून दुसऱ्यात ओतून फेसाळ करतात, 'तेह तारिक'. मग एक रोटी चनाई घेतली, डाळीबरोबर. मग माझ्या धाकटीच्या ताटातली कोंबडी.

तर जाणाऱ्यांनी एवढं करा. टूरच्या जेवणाचे पैसे आधीच कापले गेले असले तरी निदान एक रात्र बस सोडा. शुक्रवारी दुपारी जाऊ नका. जुम्म्याच्या वेळी बऱ्याच खानावळी बंद असतात. आधी नमाज उरका, मग रांगेत उभे राहा.