प्लिस्केन कुणाचं देणं लागतो?

जॉन कारपेंटरच्या ‘एस्केप फ्रॉम न्यू यॉर्क’ (१९८१) या चित्रपटाविरुद्ध एक तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती करणारे बहुधा शहाणेसुरते प्रेक्षक असतात. नायक शेवटी करतो ते निव्वळ बेजबाबदारपणाचं आहे, असं त्यांचं म्हणणं. राष्ट्राध्यक्षाला त्याने जिवंत बाहेर काढलं, इथवर ठीक. पण ज्या कॅसेटवर युद्ध थांबण्याची आशा टांगलेली आहे, तिचीच फीत तो उपसून काढतो आणि चालू लागतो. एका माणसाच्या रागापायी कोट्यवधींच्या जिवाशी खेळ! याला बंड म्हणायचं की माज?

पूर्वपक्ष लेचापेचा नाही, म्हणून तो पुरता मांडू. गोष्ट १९९७ सालची, म्हणजे तेव्हाच्या भविष्यातली. गुन्हेगारी ४०० टक्क्यांनी वाढल्यावर सरकारने १९८८ मध्ये अख्ख्या मॅनहॅटन बेटाचाच तुरुंग केला आहे. ५० फुटी भिंत, पुलांवर सुरुंग, बाहेर लष्कराच्या थाटात तळ ठोकलेले पोलीस. आत मात्र एकही पहारेकरी नाही. आत गेलेला परत येत नाही, एवढाच तिथला कायदा. बंडखोरांनी पळवलेलं राष्ट्राध्यक्षाचं विमान नेमकं या बेटावर कोसळतं. हार्टफर्डच्या परिषदेत चीन आणि सोव्हिएत संघाच्या प्रतिनिधींसमोर वाजवायची, अणुसंमीलनाची माहिती असलेली टेप त्याच्याजवळ आहे आणि मुदत जेमतेम एका दिवसाची. पोलीसप्रमुख बॉब हॉक नुकत्याच पकडून आणलेल्या स्नेक प्लिस्केनला बोलावून घेतो. हा एकेकाळचा मानाची पदकं मिळवलेला सैनिक, आता सरकारी तिजोरी फोडणारा दरोडेखोर. राष्ट्राध्यक्षाला आणि टेपला घेऊन ये, तुझे सगळे गुन्हे माफ. प्लिस्केन हो म्हणतो. मग टेप द्यायला नको का? सौदा तो सौदा.

सौदा होता कुठे? चित्रपटातला क्रम बारकाईने पाहावा. कुरकुरत का होईना, प्लिस्केन होकार देतो. माफीचा कागद आधी हातात दे म्हणतो, हॉक म्हणतो परत आल्यावर. होकार मिळून गेल्यानंतर त्याच्या मानेत एक इंजेक्शन दिलं जातं. आत जंतूंचा सुळसुळाट आहे, त्यावर हे औषध, असं त्याला सांगतात. सुई बाहेर आल्यावर खरं काय ते कळतं. मानेच्या दोन्ही रोहिण्यांत स्फोटकाच्या सूक्ष्म कुप्या सोडल्या आहेत. मुदत टळली की त्या फुटणार, आणि क्ष-किरणांनी त्या निकामी करायच्या तर शेवटच्या १५ मिनिटांतच. म्हणजे होकार मिळवण्यासाठी बॉम्बची गरज नव्हतीच. होकार खिशात घालून, वर बॉम्ब ठेवला. आपल्याकडचा १८७२ चा करार कायदासुद्धा गुन्ह्याची धमकी देऊन घेतलेल्या संमतीला मोकळी संमती मानत नाही आणि करार मोडायचा हक्क गळचेपी झालेल्या पक्षाला देतो. हॉकच्या अमेरिकेत असा कायदा उरलाय की नाही, कोण जाणे. पण साधं भाडेपत्र ज्या तत्त्वावर मोडता येतं, ते मानेत बॉम्ब असलेल्या माणसाला नाकारायचं कशाच्या बळावर?

या राजवटीची भाषा कशी आहे, तेही ऐकण्यासारखं आहे. कैद्यांना बेटावर सोडण्याआधी ध्वनिक्षेपकावर सूचना होते: आत जायचं नसेल तर इथेच मरण पत्करण्याची सोय आहे, दहनही इथेच होईल, इच्छुकांनी ड्यूटीवरच्या सार्जंटला कळवावं. रेल्वे स्थानकावर फलाट बदलल्याचं सांगतात त्याच निर्विकार सुरात. जे सरकार मरणालाही ‘पर्याय’ म्हणतं, ते बळजबरीला ‘संधी’ म्हणणार, यात नवल काय!

दुसरा आक्षेप असा, की प्लिस्केन शून्यवादी आहे, त्याला कशाचंच सोयरसुतक नाही. त्याचं बोलणं ऐकून असं वाटू शकतं. राष्ट्राध्यक्षाचं विमान पडलं म्हटल्यावर तो कसला राष्ट्राध्यक्ष म्हणून विचारतो. पण शेवटाकडे पाहा. राष्ट्राध्यक्षाला वाचवताना टॅक्सीवाला कॅबी मेला, बेटावरचे साथीदार ब्रेन आणि मॅगीही मेले. पुलावरून भिंतीपर्यंत पोचलेले दोघेच, प्लिस्केन आणि राष्ट्राध्यक्ष. आधी वर ओढून घेतलेला राष्ट्राध्यक्ष भिंतीवरून मशीनगन चालवून बेटावरच्या कैद्यांचा म्होरक्या ड्यूक याला मारतो आणि मारताना त्यालाच वेडावून दाखवतो. मग दाढी, रंगरंगोटी. थोड्या वेळात थेट प्रक्षेपण. राष्ट्राध्यक्ष विचारतो, तुला काय हवं? प्लिस्केन पैसे मागत नाही, पद मागत नाही. एकच विचारतो: तुला बाहेर काढताना माणसं मेली, त्याबद्दल तुला काय वाटतं? उत्तर येतं ते छापील. देश त्यांच्या बलिदानाचा ऋणी आहे, वगैरे. तेही घड्याळाकडे लक्ष ठेवून. मेलेल्यांची विचारपूस करणारा या चित्रपटात तेवढा एकच, आणि शून्यवादी म्हणायचं ते त्यालाच!

कारपेंटरने पहिला खर्डा वॉटरगेटनंतर लिहिला. त्या काळात अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष या पदाकडे लोक कसे पाहायला लागले होते, हे त्या छापील उत्तरात मला ऐकू येतं. भाकीत चुकलं म्हणून चित्रपट बाद, या आक्षेपावर फार वेळ घालवत नाही. १९९७ उजाडलं तेव्हा न्यू यॉर्कमधली गुन्हेगारी घटत होती, हे खरं. पण १९८० च्या सुमाराला अमेरिकेच्या तुरुंगांत पाच लाखांच्या आसपास माणसं होती, ती २००० साली १९ लाखांच्या घरात गेली. भिंत बेटाभोवती बांधली नाही, एवढंच.

तिसरं म्हणणं जास्त अडचणीचं. कैद्यांना मोहिमेवर धाडायची गोष्ट जुनीच, ‘द डर्टी डझन’ने १९६७ मध्ये सांगून टाकलेली, मग कारपेंटरने नवं काय केलं? त्याने माफीची धुलाई नाकारली. ‘डर्टी डझन’मध्ये शिक्षा झालेले सैनिक शौर्य गाजवून मरतात, म्हणजे सैन्याच्याही अंगावरचा डाग आपोआप धुतला जातो. कैद्याला माणूस करणारं सरकारच, असा त्यातला हिशेब. प्लिस्केनच्या नकलांनीही हाच सोपा रस्ता धरला. २०१६ च्या ‘सुइसाइड स्क्वॉड’मध्ये गुन्हेगारांच्या मानेत बॉम्ब आहेत, पण शेवटी सगळे जग वाचवतात, शिक्षेतली दहा वर्षं कमी होतात आणि एकीला कोठडीत कॉफीचं यंत्र मिळतं. बॉम्ब उचलला, नकार तेवढा सोडून दिला.

हॉकसुद्धा शेवटी प्लिस्केनला नोकरी देऊ करतो. आपल्या जोडीला तोड नाही, म्हणतो. आपल्या इतिहासात याचा एक खराखुरा दाखला आहे. कंपनी सरकारच्या लेखी दरोडेखोर ठरलेल्या उमाजी नाईकांना त्याच सरकारने माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावर घेतलं होतं. ते पुन्हा उठले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेले. सत्तेला तिच्या शत्रूची हुशारी हवी असते, शत्रू नको असतो. आणि हे जुनं झालं असं कुणी म्हणू नये. २०२२ मध्ये भाडोत्री फौजेचा म्होरक्या येवगेनी प्रिगोझिन रशियाच्या तुरुंगांत उभा राहून कैद्यांना सांगत होता: सहा महिने युक्रेनमध्ये लढा, माफी मिळेल, पळालात तर गोळी. हॉकच्या ऑफरशी ही ऑफर ताडून पाहिली, तर इंजेक्शन तेवढं कमी पडतं.

आता मूळ आक्षेप. बाहेरच्या निरपराधांचं काय? त्यांनी प्लिस्केनचं काय बिघडवलं होतं? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही, आणि चित्रपट त्या निरपराधांना एकदाही पडद्यावर आणत नाही, हा त्याचा उणेपणाच आहे. पण परिषदेत लावली जाणारी कॅसेट कॅबीची असते, तिच्यातून नाचाचं संगीत वाजू लागतं. अस्सल टेप प्लिस्केनने आधीच बाजूला काढलेली. म्हणजे मेलेल्यांबद्दल विचारताना ती त्याच्याजवळच होती. डाव खेळायचा एवढाच हेतू असता तर त्याला गप्प राहून निघून जाता आलं असतं. तो थांबला आणि त्याने विचारलं. उत्तरात माणुसकीचा एक शब्द निघाला असता, तर ती कॅसेट राष्ट्राध्यक्षाच्या हातात पडली असती, असं मी मानतो. कोट्यवधींच्या भवितव्याची सौदेबाजी प्लिस्केनने केली नाही. तिचं माप ज्याच्या पदरात होतं, त्याला तेव्हा दाढी आणि प्रक्षेपण महत्त्वाचं वाटलं. बेजबाबदारपणाचा जाब विचारायचाच असेल, तर तो आरशासमोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारा.