जुन्या गाडींत नवें इंजिन

पेन्शनींत निघालेल्या शाळामास्तरानें मोटारगाडीच्या इंजिनाविषयीं लिहावें, हें पाहून आमचे नेहमींचे वाचक चष्मा पुसून शीर्षक पुन्हां एकदां वाचतील. त्यांत त्यांची चूक नाहीं. आमचा आयुष्यभराचा संबंध रूपावली, समासचक्र आणि खडू यांच्याशीं. यंत्रांशीं आमची ओळख सायकलच्या पंपापलीकडे कधीं गेली नाहीं. परंतु गेल्या वर्षीं उन्हाळ्यांत आम्ही व आमचें कुटुंब असे उभयतां अमेरिकेंत मिशिगन राज्यांत वहिनींकडे राहून आलों. तेथें या विषयावर घरांत वाद उपस्थित झाला, आम्हांस पंच नेमण्यांत आलें, आणि आम्हीं दिलेला निवाडा आमचा आम्हांसच फिरवावा लागला. ज्यानें पस्तीस वर्षें मुलांच्या चुकांखालीं तांबड्या शाईच्या रेघा ओढल्या, त्यानें स्वतःची चूक झांकून ठेवणें बरें नव्हे. म्हणून हा प्रपंच.

आमचे थोरले बंधू, घरांत सर्वजण त्यांस दादाच म्हणत, १९७३ सालीं अभियंता म्हणून डेट्रॉइट शहरानजीक नोकरीस गेले. १९७९ मध्यें पेट्रोलच्या टंचाईचा दुसरा फेरा आला आणि मोठ्या इंजिनांच्या गाड्यांस गिऱ्हाईक मिळेनासें झालें. तेव्हां दादांनीं १९७० सालची एक शेव्हरोले शेव्हेल सुपर स्पोर्ट स्वस्तांत विकत घेतली. तिकडे या जातीच्या गाडीस ‘मसल कार’ म्हणतात; आपण तिला बलदंड गाडी म्हणूं. मध्यम आकाराची साधी कौटुंबिक गाडी घ्यावी आणि तिच्या पोटांत मोठ्या गाडीचें दांडगें इंजिन बसवावें, एवढीच तिची युक्ति. बहुतेक जाणकार या प्रकाराचा आरंभ १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओ या गाडीपासून धरतात. तिचें इंजिन ३८९ घन इंचांचें, म्हणजे सुमारें ६.४ लिटरांचें होतें. आपल्या जुन्या मारुति ८०० चीं आठ इंजिनें एकत्र केलीं तर तेवढें माप भरेल. पुढें १९७० चा हवा शुद्ध राखण्याचा कायदा आणि १९७३ चें तेलसंकट यांनीं ही दांडगाई संपुष्टांत आणली. त्या थोड्या वर्षांतील गाड्यांस आज जो मान आहे तो यामुळेंच.

चार वर्षांपूर्वीं दादा वारले आणि गाडी गॅरेजांत उभी राहिली. इंजिन थकलें होतें. तें तेल पीत होतें, मागून निळा धूर सोडीत होतें, आणि थंडींत चालू होण्यापूर्वीं माणसाची सत्त्वपरीक्षा पाहत होतें. आमचा पुतण्या आतां चाळिशी ओलांडलेला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, हेंच इंजिन उघडून जसेंच्या तसें दुरुस्त करावें. त्याच्या ओतीव ठोकळ्यावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशीं जुळतो. संग्राहक लोक अशा जुळणीस फार किंमत देतात. शिवाय त्यावर वडिलांचा हात फिरलेला. वहिनींस पंचाहत्तरावें वर्ष लागलें आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, हें इंजिन उतरवावें आणि नव्या धर्तीचें, पेट्रोल फवारणारें इंजिन बसवावें. मुलगा जुन्याच्या बाजूस आणि आई नव्याच्या, ही उलटी गंगा पाहून आम्ही चकित झालों.

‘काका, तुम्हीच काय तें सांगा,’ पुतण्या म्हणाला. आम्हांसही बरेच दिवसांनीं वर्ग मिळाला होता. आम्हीं मिलिंदप्रश्नांतील गोष्ट काढली. राजा मिलिंद रथांत बसून आला, तेव्हां नागसेन भिक्षूनें त्यास विचारलें कीं, दांडी म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणाला, आणि शेवटीं असें ठरलें कीं, या सर्वांच्या जुळणीस रथ हें केवळ नांव आहे. ‘पण हें मत बौद्धांचें,’ आम्ही पुढें म्हणालों. ‘आपले नैयायिक अवयवांहून अवयवी निराळा मानतात. आणि मोटारीच्या बाबतींत इंजिन हा काय साधा अवयव आहे? तो तिचा प्राण. शंकराचार्यांनीं अमरूक राजाच्या देहांत प्रवेश केल्याची कथा सांगतात. पण त्यानंतर राजवाड्यांत वावरत होते ते आचार्य, राजा नव्हे. सबब, इंजिन तेंच राहावें.’

वहिनींनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग त्या म्हणाल्या, ‘भावोजी, दर रविवारीं हे गाडीखालीं असत आणि टॉर्च मी धरीत असें. चाळीस वर्षें धरला. हा कार्ब्युरेटर तिसरा आहे. ठिणगीची जुनी व्यवस्था काढून यांनीं इलेक्ट्रॉनिक बसविली. सिलिंडर कोरून मोठे केले, पिस्टन नवे घातले. गिअरपेटी दुसऱ्याच गाडीची आहे. तुम्ही प्राण म्हणतां तो यांतला नेमका कोणता?’

आम्हांस उत्तर सुचेना. त्या मुलाकडे वळल्या. ‘१९८३ च्या जानेवारींत तूं चार महिन्यांचा होतास. हे परगांवीं गेलेले. तुला ताप भरला. बाहेर बर्फ पडत होतें. मी ही गाडी चालू करावयास गेलें, तर आंत पेट्रोल जास्त होऊन इंजिन गुदमरलें. तुला मांडीवर घेऊन त्या वासांत मी बसून राहिलें. शेवटीं शेजारीण आपल्या गाडींतून डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्या दिवसापासून मी या किल्लीस हात लावला नाहीं. यांना कधीं सांगितलें नाहीं. यांचा जीव होता तिच्यावर. आतां गाडी माझी आहे, आणि मला ती चालवावयाची आहे.’

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. आम्हीही बोललों नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं पुतण्याकडून कार्ब्युरेटर म्हणजे काय तें समजावून घेतलें. इंजिन हवा ओढतें. ती एका अरुंद गळ्यांतून जातांना तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळें शेजारच्या लहान वाटींतील पेट्रोल बारीक छिद्रांतून आपोआप वर येऊन हवेंत मिसळतें. रचना मोठी कौतुकाची. पण छिद्राचें माप ठरलेलें. कडाक्याची थंडी किंवा डोंगरावरील विरळ हवा यांची त्यास खबर नसते. थंडींत पेट्रोलची वाफ नीट होत नाहीं, म्हणून ‘चोक’ लावून हवा कोंडावयाची. त्यांत जरा हात चुकला कीं ठिणगीचे प्लग भिजलेच. वहिनींवर ओढवलेला प्रसंग तो हाच.

पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. फवारणीच्या पद्धतींत हें प्रमाण संगणक सांभाळतो. आंत हवा किती आली, इंजिन किती तापलें, धुरांत प्राणवायु किती उरला, हें सूचक यंत्रें त्यास कळवितात. मग कोणती तोटी सेकंदाच्या किती सहस्रांशांपुरती उघडावी, याचा तो हुकूम सोडतो. आमच्या वाचकांनीं २०२० नंतर स्कूटर घेतली असेल, तर बहुधा तींतही हीच व्यवस्था आढळेल. त्या वर्षीं १ एप्रिलपासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांनीं आपल्याकडील नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार केला.

वहिनींच्या मनांत होतें तें इंजिन एलएस३ या नांवाचें. तें प्रथम २००८ च्या कॉर्व्हेट गाडींत आलें. माप ६.२ लिटर, शक्ति ४३० अश्वशक्ति; आणि ठोकळा अॅल्युमिनियमचा असल्यामुळें वजन जुन्या लोखंडी इंजिनाहून सुमारें शंभर किलोंनीं कमी. जुन्या इंजिनाची शक्ति कारखाना ३५० सांगत असे. पण १९७२ पूर्वींचे ते आंकडे इंजिनावर नेहमींचा भार न ठेवतां मोजलेले असत, त्यामुळें दोहोंची सरळ तुलना करणें योग्य नाहीं.

आमची भाबडी समजूत अशी कीं, जुनें उचलावें, नवें ठेवावें आणि चार बोल्ट आंवळावे. पण जुन्या वाड्यांत वीज घेण्यासारखेंच हें काम आहे; दिवा टांगणें सोपें, भिंतींतून तारा नेणें कठीण. कार्ब्युरेटरास दर चौरस इंचास ५ ते ७ पौंड दाबाचें पेट्रोल पुरतें. या इंजिनास ५८ पौंड लागतात. म्हणून टाकींत विजेचा पंप हवा, वळणावर तो कोरडा पडूं नये म्हणून टाकींत पडदे हवे, आणि तो दाब सोसतील अशा नळ्या हव्या. इंजिनाखालची तेलाची परात सांगाड्याच्या आडव्या पट्टीस अडते, म्हणून ती निराळ्या आकाराची. इंजिन टेकविण्यास जोडपट्ट्या निराळ्या. धुराच्या नळींत प्राणवायुमापक. गिअरपेटी नवी, आणि केबलीनें फिरणारा जुना वेगमापक तिला जुळेना म्हणून त्याची सोय वेगळी. शिवाय मागच्या चाकांचे जुने ड्रम-ब्रेक काढून तेथें डिस्क-ब्रेक. कारण धांवण्याची शक्ति वाढविली आणि थांबण्याची वाढविली नाहीं, तर तो शहाणपणा नव्हे.

ऑगस्ट महिन्यांत डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अॅव्हेन्यू या हमरस्त्यावर जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक भरते. १९९५ पासून ही प्रथा आहे. पुतण्यानें आम्हांस तेथें नेलें. रस्त्याच्या कडेस गाड्यांचीं पुढचीं झांकणें उघडीं ठेवून मालक खुर्च्या टाकून बसलेले. कोणाच्या गाडींत जुनें इंजिन, कोणाच्या गाडींत नवें. तेथें आम्हांस आमच्या युक्तिवादाची खरी भोंकें दिसलीं. ज्या जीटीओस या कुळाचा मूळ पुरुष मानतात, तिचा जन्मच मुळीं एका गाडींत दुसऱ्या गाडीचें इंजिन घालण्यांतून झालेला. शेव्हेलवर ३९६ हा आंकडा मिरवतो. पण १९७० मध्यें कारखान्यानेंच आंतील माप ४०२ घन इंच करून वरचा आंकडा तसाच ठेवला होता. फवारणी तरी कोठें कालची? १९५७ सालीं शेव्हरोलेनें यांत्रिक फवारणीचें इंजिन विकावयास काढलें. १९५८ च्या क्रायस्लर ३००डी या गाडीस बेंडिक्सची इलेक्ट्रॉनिक फवारणी मिळत असे; ती नीट चालेना, म्हणून बहुतेक गाड्यांवरून ती काढून कार्ब्युरेटर बसवून देण्यांत आले. म्हणजे एके काळीं नवें काढून जुनें घालणें हीच दुरुस्ती होती!

घरीं परतल्यावर आम्हीं निवाडा फिरविला. पुतण्यानें दोन अटी घातल्या, आणि त्या आम्हांस रास्त वाटल्या. पहिली, गाडीच्या मूळ पत्र्यास व सांगाड्यास एकही छेद द्यावयाचा नाहीं. सर्व कांहीं बोल्टांनींच जोडावयाचें. दुसरी, जुनें इंजिन पुसून, तेल लावून गॅरेजच्या कोपऱ्यांत लोखंडी घोडीवर ठेवावयाचें, म्हणजे पुढें कोणास वाटलें तर तें परत बसवितां येईल. यांत तोटा नाहीं असें नव्हे. संग्राहकांच्या लेखीं गाडीची किंमत उतरली; आणि पूर्वीं रस्त्यांत अडली तर दादा पेचकसानें तिला समजावीत, आतां संगणक जोडल्याशिवाय तिचा रोग कळावयाचा नाहीं. हें वहिनींस सांगितलें. त्यांनीं तें मान्य केलें.

आपल्याकडे आजोबांची फियाट वा अॅम्बॅसडर दारांत उभी असेल आणि हें वाचून कोणाचे हात शिवशिवूं लागतील, तर एक सूचना करून ठेवतों. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकांत लिहिलेला असतो, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरफारांस मर्यादा घालतें. आधीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी, मग पाना हातीं घ्यावा.

परंतु वडिलांची वस्तु जपावी कीं वापरावी, हा प्रश्न मोटारीपुरता नाहीं. आजीचें शिवणयंत्र, आजोबांचें मेज, माळ्यावरचीं तांब्याचीं भांडीं, यांवरून तो प्रत्येक घरांत कधीं ना कधीं निघतोच. आम्ही पुरुषमंडळी अशा वेळीं वस्तूच्या सत्त्वाविषयीं मोठें बोलतों. ती वस्तु चालावी म्हणून शेजारीं दिवा धरून कोण उभें होतें आणि तिचा जाच कोणीं सोसला, हें विचारावयाचें मात्र राहून जातें. आम्हीं तर साऱ्या दर्शनांचा धांडोळा घेतला, आणि समोर बसलेल्या वहिनींस एक साधा प्रश्न विचारला नाहीं.

असो. काम सारा हिवाळा चाललें. या वर्षीं एप्रिलांत पुतण्यानें फोनवरून आम्हांस गॅरेज दाखविलें. कोपऱ्यांत घोडीवर जुनें इंजिन होतें, त्यावर दादांची टोपी ठेवलेली. वहिनी गाडींत बसल्या होत्या. त्यांनीं किल्ली फिरविली आणि इंजिन एका दमांत चालू झालें. त्या कांहीं वेळ नुसत्या ऐकत राहिल्या.

‘आवाज कसा आहे, वहिनी?’ आम्हीं विचारलें.

‘यांच्या वेळचा नाहीं,’ त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानें, ‘पण वास येत नाहीं.’

आणि खिडकींतून हात बाहेर काढून त्यांनीं मुलास खूण केली. ‘बाजूला हो. मागें घेतें.’