मावशीची झडती

यंदाच्या चैत्रात आमच्या जत्रेत गण झाला, गवळण झाली, बतावणी झाली, वगही पहाटेपर्यंत रंगला. पण मावशी झाली नाही.

तमाशाची गवळण ज्यांनी पाहिली आहे त्यांना मावशी कोण हे सांगायला नको. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची ती म्होरकी. पदर खोचून, कमरेवर हात ठेवून, प्रत्यक्ष कृष्णदेवाला चार शब्द सुनावणारी. आणि मावशी पुरुषाने व्हायची, हा तमाशाचा जुना रिवाज. डिंभ्याच्या धरणाकडे आमचे गाव आहे. तेथल्या हौशी फडात वीस वर्षे ही मावशी माझा भाचा होत असे. तो पुण्यात एका कचेरीत हिशेब लिहितो, बायको-मुलांचा प्रपंच नेटका करतो, आणि चैत्र आला की रजा काढून लुगडे नेसायला गावी येतो. यंदा तो आला नाही. का आला नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

दिवाळीचा अंक आहे, पुढ्यात चकली-कडबोळ्यांचे ताट आहे. अशा वेळी हे काय काढले, असे कोणी म्हणेल. परंतु दिवाळीचा अंक घरातली सगळी माणसे वाचतात, आणि ही गोष्ट घरातल्याच माणसाची आहे.

माझ्या भाच्याची लुगड्याची ओढ जत्रेपुरती नाही. रविवारी दुपारी, घरातल्या घरात, तो साडी नेसतो. हे मला कळले तेव्हा मीही प्रथम कपाळाला आठ्या घातल्या, हे प्रांजळपणे कबूल करतो. त्याच्या बायकोला लग्नानंतर लवकरच कळले होते. तिने आधी रडून घेतले, मग विचार केला, आणि मग निऱ्या नीट कशा धरायच्या ते त्याला शिकवले. तो स्वतःला पुरुषच समजतो. आपण बाई व्हावे अशी त्याची इच्छा नाही. साडीत त्याला बरे वाटते, एवढेच. लग्नाला पंधरा वर्षे झाली म्हणून दोघे विमानाने फिरायला निघाली, तेव्हा तीच म्हणाली, “अहो, तिकडे आपल्याला कोण ओळखतंय? नेसा की साडी!”

विमानतळावर झडतीच्या दोन रांगा असतात. पुरुषाने छोट्या चौथऱ्यावर चढून, हात पसरून, सर्वांदेखत उभे राहायचे. बायकांसाठी पडद्याचा आडोसा असतो. भाचा पुरुषांच्या रांगेत गेला, तेथून त्याला बायकांच्या रांगेत पिटाळले. तेथल्या बाईंनी कागद पाहून परत पुरुषांकडे धाडले. अशा दोन येरझाऱ्या झाल्यावर त्याला चौथऱ्यावर उभे केले. शिपायाच्या हातातले यंत्र ब्लाउजच्या हुकांपाशी कुरकुरले. मग त्या शिपायाने चारचौघांत त्याच्या ब्लाउजमधला स्पंज बाहेर काढला, आणि आपण पट्टे-पाकिटे ठेवतो त्या प्लॅस्टिकच्या ताटात ठेवला. रांग हसली. कोणीतरी मोबाइल उंच धरला.

पडद्याआडून त्याची बायको बाहेर आली. तिने तो स्पंज उचलून आपल्या पर्समध्ये टाकला, नवऱ्याचा पदर त्याच्या खांद्यावर नीट घेतला, आणि त्याचा हात धरून ती चालू लागली. विमान मिळाले. पण परतीच्या प्रवासात त्याने शर्ट-पँट घातली, आणि त्यानंतर लुगड्याला हात लावला नाही. चैत्रात मी त्याला आणायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “मामा, माझ्यापाशी चाकू सापडला असता, तर त्यांनी तो निमूट काढून घेतला असता. कोणी हसलं नसतं.”

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून ते मी आपणा सर्वांपुढे ठेवीत आहे. विमानतळ कोणता ते सांगत नाही. एका शिपायाच्या माथी खापर फोडून मोकळे व्हावे, असा हा प्रश्न नव्हे.

आता हसणारे आपण कोण, ते पाहू. ज्या महाराष्ट्राने लुगड्यातल्या पुरुषाला डोक्यावर घेऊन नाचवले, तोच हा महाराष्ट्र! नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, रंगभूमीवर भामिनी म्हणून, सिंधू म्हणून उभे राहिले, आणि त्यांचा पदर, त्यांचा अंबाडा, त्यांच्या नेसण्याची ढब पाहून आमच्या आज्यांनी आपले नेसणे सुधारून घेतले. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, आणि १९६७ साली ते गेल्यावर पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, तेव्हा खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले; आणि १९१७ च्या ‘लंकादहना’त तर राम तेच आणि सीताही तेच! कोकणात शिमग्याच्या खेळ्यांत राधा नाचते ती पुरुषाच्याच अंगाने. दशावतारातली स्त्रीपार्टी आजही पुरुषच करतात. आमच्या शेजारचे नारायणगाव तर तमाशाची पंढरीच. तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येऊन बसतात. या सगळ्या वैभवावर टाळ्या वाजवणारे हात आपलेच, आणि त्या दिवशी मोबाइल उंच धरणारा हातही आपलाच.

यावर एक ठरीव उत्तर येते: “रंगभूमीवरचे वेगळे, रस्त्यावरचे वेगळे.” का वेगळे? रंगभूमीवर आपण तिकीट काढतो म्हणून? पाचशे लोकांनी पैसे देऊन पाहिले तर ती कला, आणि कोणी न पाहता माणूस आपल्या सुखासाठी नेसला तर तो विकार, हा कुठला न्याय? भाच्याने कोणाला नेसवले नाही, कोणाचे फेडले नाही. पुरुषाने साडी नेसू नये असा कायदा या देशात नाही.

असा कायदा एके काळी होता, हेही सांगून ठेवतो. पण तो आपला नव्हे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा जो काळा कायदा केला, त्याच्या एका भागात सरकारने ‘षंढ’ म्हणून ज्यांची नोंद केली होती, ते बायकी वेषात रस्त्यावर दिसले तर त्यांना पकडून तुरुंगात घालण्याची तरतूद होती. तो कायदा केव्हाच इतिहासजमा झाला. पुढे १५ एप्रिल २०१४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या खटल्यात निर्वाळा दिला, की आपण कोण आहोत हे वेषातून, बोलण्यातून, वागण्यातून प्रकट करणे हा घटनेने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. इंग्रज गेला, त्याचा कायदा गेला. मग त्याची नजर तेवढी आपण कशाला जपून ठेवली आहे?

“मग तुमच्या भाच्याने त्या कायद्याचा दाखला काढावा,” असे एका वकील मित्राने सुचवले. २०१९ साली पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात किन्नर, हिजडा यांच्याबरोबर आपला ‘जोगता’ हा शब्दही आला आणि जिल्हाधिकाऱ्याकडून ओळखीचा दाखला घेण्याची सोय झाली. ज्यांच्यासाठी तो कायदा आहे त्यांना त्याचा लाभ जरूर व्हावा. विमानतळावर त्यांचीही विटंबना काही कमी होत नाही. परंतु माझा भाचा जोगता नाही, तृतीयपंथी नाही. पुरुष म्हणूनच जगणाऱ्या आणि अधूनमधून साडी नेसणाऱ्या माणसाने जिल्हाधिकाऱ्याकडे जाऊन कसला दाखला मागावा? “सदर इसमास साडी शोभते” असा?

आता सुरक्षेचा मुद्दा; आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान पळवून कंदाहारला नेले, एक तरुण प्रवासी प्राणास मुकला, बाकीचे बहुतेक आठवडाभर मृत्यूच्या दाढेत बसले. तेव्हापासून विमानतळावर जी कडक तपासणी आली ती योग्यच आहे. तपासनीस म्हणेल, “वेष पालटून माणसे दगा देतात. मोहिनीने भस्मासुराला वेषानेच तर मारले!” खरे आहे. पण ज्याला दगा द्यायचा असतो तो माणसांत मिसळून जाईल असा वेष करतो. अख्ख्या रांगेच्या माना वळतील असा करीत नाही. कंदाहारच्या विमानातले पाचही अपहरणकर्ते पुरुष होते, आणि पुरुषांच्याच वेषात होते. झडती घ्या, ब्लाउजची घ्या, टोपाची घ्या, स्पंज दाबून पाहा, यंत्रातून काढा. फक्त ती पडद्याआड घ्या. पडद्याआड घेतलेल्या झडतीत चाकू सापडत नाही आणि चारचौघांत घेतलेल्या झडतीत सापडतो, असे कोणत्या शास्त्राने सांगितले आहे?

दुसरा आक्षेप कागदाचा: “ओळखपत्रावर मिशीवाला पुरुष, आणि समोर साडी. ओळख पटायची कशी?” याचे उत्तर आमच्या तालुक्यानेच देऊन ठेवले आहे. आमचा तालुका आंबेगाव. ते जुने आंबेगाव गाव डिंभ्याच्या धरणात बुडाले. तालुक्याची कचेरी घोडेगावात. नाव एक, गाव पाण्याखाली, दप्तर तिसरीकडेच! तरी आजवर कोणी आमच्या सातबाऱ्याला म्हटले नाही, की तुझा चेहरा तुझ्या नावाशी जुळत नाही. माणसाची ओळख नाकाडोळ्यांत असते, कपड्यांत नसते. गालावर हळद आणि कपाळावर मुंडावळ्या असलेला नवरदेव ओळखू येतो, मुंज झालेला बटू मुंडन करूनही ओळखू येतो. मग एका साडीने माणूस अनोळखी होतो काय? शंका आलीच तर बाजूला घ्या, चार प्रश्न विचारा, दुसरा कागद मागा.

ही अडचण आपल्यापुरतीच आहे असेही नाही. कॅनडाने २०११ साली नियम लिहिला होता, की ओळखपत्रावर जे लिंग नोंदलेले आहे तसा प्रवासी दिसत नसेल, तर त्याला विमानात घेऊ नये. अमेरिकेतल्या विमानतळांवर अंगाची छाया टिपणारी जी यंत्रे बसवली, त्यांत प्रवासी आत शिरताच तपासनीस नुसते पाहून बाईचे किंवा पुरुषाचे बटण दाबीत असे. शरीर बटणाशी जुळले नाही की यंत्र धोक्याची खूण करी. निरपराध माणूस केवळ बटणापायी संशयित ठरे. अखेर मार्च २०२२ मध्ये तेथल्या सरकारलाच जाहीर करावे लागले, की बाई-पुरुष न विचारता तपासणी करणारी रचना या यंत्रांत घालू. यंत्राला जे शिकवता येते, ते माणसाला शिकवायला कितीसा खर्च येणार आहे?

माझे मागणे थोडे आहे. साडीतला पुरुष समोर आला तर तपासनीसाने हळू आवाजात एकच प्रश्न विचारावा: “आपली झडती कोणी घ्यावी?” माझ्या भाच्यासारखा माणूस सांगेल, पुरुषाने घ्यावी, कारण परक्या पुरुषाची झडती घेण्याची सक्ती कोणा बाईवर व्हावी, हे त्यालाही नको आहे. पुरुषांच्या रांगेपाशीही एक पडदा टांगावा. तो लावायला फार तर एक दांडी आणि दहा हात कापड लागते. आमच्या जत्रेतला फड त्याहून मोठा पडदा अर्ध्या घटकेत बांधतो. त्या आडोशाचा उपयोग अंगावर शस्त्रक्रिया झालेल्याला होईल, पोटाला पिशवी लावलेल्या म्हाताऱ्याला होईल, कृत्रिम पाय असलेल्यालाही होईल. जे काढून पाहायचे ते आत पाहावे, पाहून झाले की हातात परत द्यावे. ताटात मांडू नये. आणि रांगेत कोणी मोबाइल उंच केला, तर शिपायाने आधी तो मोबाइल खाली करवावा.

सरकारकडे मागायचे ते एवढेच. उरलेले मागणे तुमच्याकडे आणि माझ्याकडे आहे. त्या दिवशी शिपायाने स्पंज काढला, पण हसली ती रांग. त्या रांगेत शिकलेले गृहस्थ होते, लेकुरवाळ्या बाया होत्या, कदाचित हा अंक दरवर्षी विकत घेणारेही कोणी असेल. त्यांतले एक माणूस जरी म्हणाले असते, “अहो, यांना आत न्या की,” तर शिपायाने ऐकले असते. कोणी म्हणाले नाही. माझ्या कपाळावरच्या त्या पहिल्या आठ्या आठवल्या, की मी त्या रांगेत असतो तर काय केले असते, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

पाडव्याला भाचा आणि सूनबाई घरी यायची आहेत. भाच्याचे जत्रेचे लुगडे माझ्या पत्नीने धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवले आहे. मी त्याला आग्रह करणार नाही. ट्रंक कोठे आहे, ते त्याला ठाऊक आहे.